विनियोग आणि मनन : ठाणे-घोडबंदर परिसरातील ख्रिस्ती शास्त्रवाचनाचा एक वाङ्मयीन विचार

१

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ची जागा आता ठरून गेली आहे. मराठी भाषेच्या गौरवाच्या ओव्या, एका इंग्रज माणसाने मराठी आत्मसात केल्याचे कौतुक, ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेशी जाता जाता केलेली तुलना, एवढे झाले की इतिहासकार पुढच्या प्रकरणाकडे वळतो. पुढे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांचे कोश, व्याकरणे आणि नियतकालिके येतात, विसाव्या शतकात रेव्हरंड टिळक येतात. या सर्वांना 'ख्रिस्ती मराठी वाङ्मय' असे नाव देऊन एका स्वतंत्र दालनात ठेवले जाते. दालन मोठे आहे, त्याची निगाही काही अभ्यासकांनी निष्ठेने राखली आहे. गंगाधर मोरजे यांचा 'ख्रिस्ती मराठी वाङ्मय' हा ग्रंथ त्याची साक्ष देतो. परंतु या दालनातील ग्रंथांविषयी एक साधा प्रश्न सहसा विचारला गेलेला नाही. हे ग्रंथ ज्यांच्यासाठी लिहिले गेले त्यांनी त्यांचे काय केले?

हा प्रश्न समाजशास्त्राचा आहे, साहित्यसमीक्षेचा नव्हे, असे म्हणता येईल. प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. धर्मग्रंथ, आणि धर्मग्रंथावर उभी राहिलेली साहित्यकृती, ही 'वाचून संपणारी' संहिता नसते. ती पुनःपुन्हा वाचायची, ऐकायची, म्हणायची आणि दिवसाच्या व्यवहारात उतरवायची असते. हान्स-गेओर्ग गादामर यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मुख्य ग्रंथात जुन्या अर्थनिर्णयशास्त्रातील एका त्रयीची आठवण करून दिली आहे : आकलन, अर्थनिर्णय आणि उपयोजन. यांतील तिसरी पायरी अठराव्या शतकातील प्रॉटेस्टंट भक्तिपंथीयांनी आग्रहाने मांडली होती. ती पहिल्या दोहोंनंतर येणारी जोड नसून समजण्याच्या क्रियेचाच घटक आहे, असे गादामर यांचे प्रतिपादन आहे. आपल्या परंपरेत यासाठी शब्द शोधायला फार लांब जावे लागत नाही. मंत्राला अर्थ असतो तसाच 'विनियोग' असतो, हे मीमांसेने फार पूर्वी सांगितले. मंत्र कोणत्या कर्मात, कोणत्या वेळी, कोणी म्हणायचा हे कळल्याशिवाय तो पुरता कळत नाही.

ख्रिस्ती श्रद्धेच्या दैनंदिन आचरणात शास्त्रवचनावरील मननाला जे स्थान आहे त्याचा मराठीतील इतिहास या विनियोगाच्या अंगाने पाहावा, एवढाच या निबंधाचा हेतू आहे. त्यासाठी ठाणे-घोडबंदर हा परिसर निवडण्याचे कारण असे की, या इतिहासाचे जवळजवळ सर्व थर येथे एकावर एक साचलेले दिसतात.

२

माजिवड्यापासून मानपाडा, कासारवडवली, ओवळा असे करीत गायमुखाच्या खाडीकाठाने घोडबंदरपर्यंत जाणारा रस्ता आज उंच इमारतींचा म्हणून ओळखला जातो. एका बाजूला येऊरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला उल्हास नदीची खाडी. हा मार्ग म्हणजे साष्टी बेटाची उत्तर कड होय. बेटाच्या पूर्वेला ठाणे, वायव्येला घोडबंदरचा किल्ला आणि खाडीपलीकडे वसई, असा हा त्रिकोण आहे. प्रशासनाने त्याचे तुकडे केले आहेत. घोडबंदरचा किल्ला मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत गेला, २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून वसईचा जिल्हाही निराळा झाला, आणि १९९८ मध्ये वसईचा धर्मप्रांत मुंबईच्या महाधर्मप्रांतापासून स्वतंत्र झाला. परंतु जलमार्गांच्या काळात हे एकच खोरे होते, आणि ख्रिस्ती इतिहासाच्या दृष्टीने ते तसेच पाहिले पाहिजे.

येथे एक घोटाळा टाळणे अवश्य आहे. स्टीफन्स यांनी ज्या 'साष्टी'त आयुष्य घालविले ती गोव्याची साष्टी, ठाण्याची नव्हे. दोन्हींचे नाव एकच, दोन्हींवर पोर्तुगीजांची सत्ता, दोन्हींत येशूसंघीय धर्मगुरूंचे कार्य. त्यामुळे एकीचे वर्णन दुसरीला चिकटविण्याचा मोह होतो. नात्याचे खरे स्वरूप वेगळे आहे. गोव्यात पुराणाचा आकृतिबंध सिद्ध झाला आणि उत्तर कोकणात तो बोलीत शिरला.

ठाण्याचा ख्रिस्ती इतिहास पोर्तुगीजांपासून सुरू होत नाही. १३२१ साली तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री हे चौघे येथे मारले गेले. त्यानंतर काही काळाने या मार्गाने गेलेल्या ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने ती हकीकत लिहून ठेवली आहे. या मंडळींना ठाण्यात आसरा दिला तो नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबांनी. म्हणजे चौदाव्या शतकाच्या आरंभी या बंदरात ख्रिस्ती घरे होती आणि त्यांच्या उपासनेची भाषा सुरियानी होती. व्यापाऱ्यांच्या त्या वस्तीचे शास्त्र स्थानिक भाषेत उतरल्याची खूण मागे राहिलेली नाही. शास्त्र ज्या भाषेत घरात बोलले जात नाही त्या भाषेत ते वस्तीबरोबर येते आणि वस्तीबरोबर जाते. पुढील इतिहास समजून घेण्यासाठी ही आरंभीची पोकळी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि साष्टी बेटही त्यांच्या अमलाखाली आले. यानंतर दोन शतके जे धर्मांतर घडले त्याची कहाणी एकरंगी नाही. सत्तेचा दाब, जमिनीचे लाभ, दुष्काळ, मिशनऱ्यांची सेवा, खरी श्रद्धा, हे सर्व त्यात मिसळलेले आहे. आपल्या विषयापुरता प्रश्न असा की, नव्याने ख्रिस्ती झालेल्या कोळ्या-कुणब्याच्या, आगऱ्या-भंडाऱ्याच्या घरात रोजच्या जगण्याला आधार म्हणून शास्त्र कोणत्या रूपाने पोहोचले? मिस्सा लॅटिन भाषेत होती. बायबलचे मराठी भाषांतर नव्हते. ते नसण्याला कारणही होते. त्रेंतच्या धर्मसभेनंतर १५६४ साली निषिद्ध ग्रंथांच्या यादीसोबत जे नियम जाहीर झाले त्यांत देशी भाषांतील बायबलचे वाचन परवानगीवाचून करू नये असा दंडक होता. भाषांतराचे दार असे जवळजवळ मिटलेले असल्यामुळे पुनर्कथनाचे दार उघडावे लागले. 'ख्रिस्तपुराण' हे भाषांतर नसून पुराण का आहे, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग येथे आहे.

३

उत्तराचा दुसरा भाग अधिक अस्वस्थ करणारा आहे. स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. तेथे १५६० पासून धर्मन्यायालय होते आणि जुन्या धर्माच्या पोथ्या बाळगण्यास बंदी होती. ख्रिस्ती झालेल्या समाजाच्या हातून पुराण काढून घेतले गेले होते, परंतु पुराणश्रवणाची सवय काढून घेता येत नाही. 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीच स्टीफन्स यांनी एक प्रसंग घातला आहे. धर्मशिक्षण चालू असताना एक ब्राह्मण उभा राहून विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी नवे पुराण का देत नाही? हा प्रसंग घडलेला असो वा रचलेला, ग्रंथाच्या विनियोगाची घोषणा म्हणून तो मोलाचा आहे. कवी येथे स्वतःच सांगतो आहे की, ही रचना एका रिकाम्या केलेल्या जागेवर उभी आहे. तिच्या सौंदर्याचा आस्वाद घेताना ही जागा कोणी आणि कशी रिकामी केली हे विसरणे म्हणजे अर्धेच वाचणे होय. त्याचबरोबर, जागा बळाने रिकामी झाली म्हणून तीत उभे राहिलेले सर्व खोटे, असे मानणेही अर्धेच वाचणे ठरेल. कारण ज्यांनी ते पुराण पिढ्यान्‌पिढ्या ऐकले त्यांनी ते स्वतःचे करून घेतले.

'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तीनही मुद्रणांच्या प्रती आज उपलब्ध नाहीत. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून. १९०७ मध्ये मंगळूरहून जोसेफ साल्ढाणा यांनी त्याची रोमन लिपीतील आवृत्ती काढली, १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती आली आणि १९९६ मध्ये फादर कारिदाद द्रागो यांनी गद्य अर्थासह तो सिद्ध केला. वाङ्मयेतिहासाने या मालिकेकडे पाठचिकित्सेच्या दृष्टीने पाहिले. परंतु तिच्यातून आणखी एक गोष्ट दिसते. जो ग्रंथ छापील प्रती नष्ट होऊनही नकलून काढला जातो, तो वापरात असतो. लोक शोभेसाठी अकरा हजार ओव्या उतरवून घेत नाहीत.

हा वापर श्रवणाचा होता. पुराणाची विभागणी अवस्वरूंत, म्हणजे एका बैठकीला पेलतील अशा सर्गांत, केलेली आहे. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूचरित्र. मूळ शास्त्रात जेथे चार वाक्यांत प्रसंग उरकलेला असतो तेथे पुराणात तो विस्तारतो, स्थळ दिसते, माणसे बोलतात, मातेचा विलाप ऐकू येतो. हा विस्तार केवळ पौराणिक शैलीचा परिणाम आहे असे आपण समजतो. परंतु स्टीफन्स येशूसंघाचे होते, आणि त्या संघाची साधना इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनांच्या पुस्तिकेवर आधारलेली होती. त्या साधनेत मनन करणाराने आधी स्थळाची रचना मनात करायची असते : वाट किती लांब, गुहा किती उंच, कोण काय बोलते, कशाचा वास येतो. मग त्या प्रसंगात स्वतः उभे राहायचे आणि त्या दिवसाच्या वागण्याविषयी निश्चय करायचा. ओवीबद्ध आख्यान आणि ही मननपद्धती यांची गाठ 'ख्रिस्तपुराणा'त पडली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. साधकाने एकांतात मनाशी करावयाची रचना कवीने ओवीत करून दिली आणि अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यालाही मननाचे साधन मिळाले.

येथे श्रवण, मनन आणि निदिध्यासन ही आपली त्रयी आठवल्याशिवाय राहत नाही. पाश्चात्त्य मठपरंपरेतही वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्या बाराव्या शतकात सांगितल्या गेल्या. साम्य उघड आहे, परंतु त्यावर भाळून भेद पुसू नयेत. उपनिषदांच्या परंपरेत मननाचा विषय सत्याचे स्वरूप असतो. ख्रिस्ती मननाचा विषय एक घडलेली कथा असते, आणि ती कथा ऐकणाऱ्याकडून आजच्या दिवसात काही मागते. म्हणूनच त्याला आख्यान लागते. एकनाथांनी भागवताचे जे केले त्याच्याशी स्टीफन्स यांचे नाते जोडायचे तर ते छंदाच्या पातळीवर न थांबता या मागणीच्या पातळीवर जोडले पाहिजे. दोघेही प्रापंचिक माणसाच्या दिवसाशी बोलत होते.

४

उत्तर कोकणात या परंपरेचा जो अंकुर फुटला त्याकडे आपल्या इतिहासकारांचे लक्ष फारच थोडे गेले आहे. फ्रान्सिस्कु वाझ द गिमाराइंश यांची ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील आणि मरणावरील पद्यरचना १६५९ साली लिस्बनला छापली गेली. लिपी रोमन, शीर्षक पोर्तुगीज, आणि भाषा मात्र वसई-साष्टीच्या ख्रिस्ती समाजाची मराठी बोली. लोकांनी शीर्षक बाजूला ठेवले आणि तिला नुसते 'पुराण' म्हटले. एकोणिसाव्या शतकात मुंबईत तिची पुनर्मुद्रणे झाली. आता ईस्ट इंडियन म्हणून ओळखला जाणारा जो समाज आहे (हे नाव १८८७ मधले, पुराण त्याहून दोन शतके जुने) त्याच्या वाडीवस्त्यांत उपवासकाळात हे पुराण गाण्याची चाल होती.

काव्यगुणांच्या तागडीत तोलले तर गिमाराइंश यांचे पुराण स्टीफन्स यांच्या पुराणापुढे हलके भरेल. भाषा खडबडीत, पोर्तुगीज शब्दांची सरमिसळ, छंदाची ओढाताण. वाङ्मयेतिहासाने ते बाजूला ठेवले याचे कारण बहुधा हेच. परंतु विनियोगाचा निकष लावला की चित्र पालटते. हे पुराण वर्षातून एका विशिष्ट काळात, विशिष्ट समूहाने, स्वतःच्या बोलीत म्हणायचे होते. त्याच काळात माणसे मांस वर्ज्य करीत, लग्ने थांबवीत, भांडणे मिटवीत. म्हणजे पुराणातील दुःखसहनाची कथा आणि घरातील आचार यांची सांगड घातलेली होती. प्रमाण भाषेतील कोणत्याही उत्तम काव्याने हे काम केले नसते. हान्स रोबेर्ट याउस ज्याला 'अपेक्षांचे क्षितिज' म्हणतात ते येथे साहित्यिक संकेतांनी आखलेले नाही, ते उपवासाच्या चाळीस दिवसांनी आखलेले आहे.

या बोलीतील शास्त्राचे मोल खऱ्या अर्थाने कळले ते सत्ता बदलल्यावर. १७३७ मध्ये ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी घेतला, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. युरोपीय धर्मगुरू निघून गेले. त्यांचे मठ आणि विद्यालये ओस पडली, मागे राहिला तो रयतेतला ख्रिस्ती आणि थोडेसे देशी धर्मगुरू. ठाणे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांच्या हाती जाईपर्यंतची ही साडेतीन दशके. या काळात ज्या श्रद्धेला केवळ सत्तेचा टेकू होता ती कोसळायला हवी होती. ती पुष्कळशी टिकली. सगळे श्रेय पुराणाला देणे अतिशयोक्तीचे होईल. कुटुंबातील जपमाळ, गावच्या क्रुसापाशी म्हटले जाणारे स्तोत्र, सण, नातेसंबंध, या सर्वांचा त्यात वाटा आहे. परंतु या सर्व गोष्टींत एक समान धागा आहे. त्यांना धर्मगुरू रोज हजर असण्याची गरज नव्हती, आणि बहुतेकांना ग्रंथ उघडण्याचीही गरज नव्हती. मुखोद्गत झालेले शास्त्र जप्त करता येत नाही. गोव्यात ज्या सत्तेने जुन्या पोथ्या काढून घेतल्या होत्या, तिच्याच पश्चात उत्तर कोकणातील ख्रिस्ती माणसाने नेमके हेच सिद्ध केले, हा इतिहासाचा न्याय म्हणावा लागेल.

५

एकोणिसाव्या शतकात शास्त्र कानाकडून डोळ्यांकडे आले. केरी यांनी सेरामपूरहून १८११ मध्ये नवा करार मराठीत काढला तो मोडी लिपीत. ही निवड अर्थपूर्ण आहे. पोथीची लिपी बाळबोध, हिशेबाची आणि पत्रव्यवहाराची मोडी. शास्त्राला दप्तराच्या लिपीत आणणे म्हणजे त्याला रोजच्या व्यवहारात बसविणे. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये नवा करार प्रसिद्ध केला, आणि १८४२ मध्ये अहमदनगरहून 'ज्ञानोदय' सुरू झाले. प्रॉटेस्टंट परंपरेचा आग्रह असा की, प्रत्येकाने शास्त्र स्वतः वाचावे आणि स्वतःच्या सदसद्विवेकाला विचारावे. यासाठी शाळा लागते, छापखाना लागतो आणि घरात थोडा एकांत लागतो. यांतून मराठीत एक नवीन माणूस जन्माला आला : एकटा बसून वाचणारा, वाचलेल्यावरून स्वतःची झडती घेणारा.

या माणसाचे मराठीतील पहिले विस्तृत चित्र म्हणजे बाबा पदमनजी यांचे १८८८ मधील 'अरुणोदय'. त्याकडे आपण आत्मचरित्राच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून पाहतो. वस्तुतः आत्मपरीक्षणाची ती शिस्त शास्त्रवाचनातून आलेली आहे. वचन वाचायचे, त्यात आपला दोष पाहायचा, त्याची नोंद करायची. मराठी आत्मचरित्राच्या एका शाखेचे मूळ या मननपद्धतीत आहे असे म्हटले तर ते चूक ठरू नये.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत विनियोगाचा प्रश्न भाषांतराच्या पातळीवर उतरला. प्रचलित मराठी बायबलातील भाषा मुक्तिसदनातील सामान्य स्त्रियांना दुर्बोध वाटते आणि तिच्यातील अनेक संस्कृत शब्द वेगळ्याच धर्मविचाराचे अर्थ सोबत घेऊन येतात, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलाचे नवे भाषांतर केले. १९२२ मध्ये मृत्यूच्या उंबरठ्यावर त्यांनी ते पुरे केले आणि १९२४ मध्ये ते केडगावी छापून झाले. छापखान्याचे काम करणाऱ्या त्या स्त्रियाच होत्या. संस्कृतची पंडिता संस्कृतप्रचुर मराठी टाकून देते, या घटनेचा अर्थ केवळ भाषाशैलीच्या चर्चेत लागणार नाही. टाकलेल्या, विधवा, दुष्काळात सापडलेल्या स्त्रीने सकाळी उठून काय वाचावे, आणि वाचल्यावर तिला ते कोणाच्या मध्यस्थीवाचून कळावे की नाही, असा तो प्रश्न होता. रमाबाईंचे भाषांतर प्रचारात रुळले नाही. अर्थनिर्णयाचा अट्टहास आणि वाचनाची लय यांत त्यांनी अर्थाची बाजू घेतली. मनन मात्र लयीवाचून फार दूर जात नाही.

ही लय परत आणली ती टिळकांनी. रेल्वेप्रवासात एका परदेशी सहप्रवाशाने दिलेल्या नव्या करारापासून त्यांच्या परिवर्तनाचा आरंभ झाला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे तेही एकांतवाचनातून आलेले. परंतु पुढील त्यांचा सर्व प्रवास एकांतवाचनाकडून अभंगाकडे आणि कीर्तनाकडे, छापील पानाकडून पुन्हा कंठाकडे असा आहे. 'ख्रिस्तायन' त्यांनी आरंभिले आणि ते अपुरे राहिले. लक्ष्मीबाईंनी उत्तरायुष्यात ते पुरे केले. ज्या बाईला लग्नानंतर कष्टाने अक्षरे गिरवावी लागली तिने येशूचरित्राचे अध्यायच्या अध्याय ओवीत रचावेत, यात आपल्या प्रश्नाचे उत्तर एकवटले आहे. ऐकलेले, वाचलेले आणि जगलेले शास्त्र तिच्या हातून पुन्हा रचले गेले. स्टीफन्स यांच्या पुराणात श्रोता प्रश्न विचारतो, 'ख्रिस्तायना'त श्रोता स्वतःच कथा सांगतो.

६

ठाणे-वसईच्या कॅथलिक समाजात शास्त्र घरोघर ग्रंथरूपाने येण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. १९६२ ते १९६५ या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने उपासना लोकभाषांतून करण्यास वाट दिली, आणि नोव्हेंबर १९६५ मधील दैवी प्रकटीकरणविषयक दस्तऐवजाने सर्व श्रद्धावंतांना शास्त्रवाचनाचा आग्रह केला. १५६४ चा दंडक आणि १९६५ चा आग्रह यांमध्ये चारशे वर्षे गेली. त्यानंतर १९६९ मध्ये मिस्सेतील वाचनांची नवी योजना आली : रविवारांसाठी तीन वर्षांचे आवर्तन, इतर दिवसांसाठी दोन वर्षांचे. दर दिवसाला ठरलेले वचन मिळाले. ज्याला देवळात जाता येत नाही त्यालाही आजचे वचन कोणते हे कळू लागले, आणि जगभर त्या दिवशी तेच वाचले जात आहे ही जाणीवही त्यासोबत आली.

वसईत याला अनुकूल भूमी होती. १९५५ पासून निघणारे 'सुवार्ता' मासिक, मराठी शाळांतून शिकलेली पिढी, मराठीतून लिहिणारे धर्मगुरू. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' हे या भूमीतले पीक आहे. २०२० मध्ये धाराशिव येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा उठलेल्या वादात त्यांच्या धर्माविषयी पुष्कळ बोलले गेले, त्यांच्या मराठीविषयी फार थोडे. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. 'सुबोध' हे विशेषण त्यांनी शीर्षकात घातले, ते आकस्मिक मानता येणार नाही. रमाबाईंनी ज्या सुबोधतेसाठी लय सोडली, ती लयीसह मिळविण्याचा हा प्रयत्न आहे. प्रमाण मराठी, पण वसईच्या माणसाच्या श्वासाला पेलणारी.

घोडबंदर रस्त्याच्या दक्षिण टोकाला, ठाणे शहरात, स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. मासुंदा तलावाकाठच्या संत जॉन बॅप्टिस्ट चर्चच्या परिसरात पोर्तुगीज काळाची आठवण जागी आहे. परंतु गेल्या काही दशकांत या रस्त्याने वाढलेल्या वसाहतींत केरळ, मंगळूर, गोवा, तामिळनाडू येथून आलेली ख्रिस्ती कुटुंबे जुन्या गावठाणांतील ईस्ट इंडियन कुटुंबांच्या शेजारी राहतात. अनेक भाषांच्या समूहाला एकत्र आणताना इंग्रजी सोयीची ठरते. यात कोणाचा दोष नाही. शास्त्र आता हातातल्या फोनवर कोणत्याही भाषेत उघडते, आणि लोकलच्या किंवा बसच्या प्रवासात आजचे वचन वाचून होते. वाचन वाढले आहे यात शंका नाही. प्रश्न मननाचा आहे. ज्या भाषेत माणूस कार्यालयात काम करतो आणि ज्या भाषेत तो रागावतो, क्षमा मागतो, आजाऱ्याच्या उशाशी बसतो, त्या दोन भाषा वेगळ्या झाल्या तर वचन पहिल्या भाषेतच अडकून राहण्याची भीती असते. १३२१ मधील सुरियानी उपासनेचे काय झाले हे आपण पाहिलेच आहे.

७

या विवेचनातून समीक्षेपुढे दोन गोष्टी येतात.

पहिली अशी की, 'ख्रिस्ती मराठी वाङ्मय' हे स्वतंत्र दालन मोडले पाहिजे. ते मोडायचे म्हणजे स्टीफन्स यांना संतकवींच्या रांगेत सन्मानाने नेऊन बसवायचे असे नव्हे. पारायण, कीर्तन, ओवी, मुखपाठ, उपवासकालीन आख्यान हे सगळे मराठी समाजाचे शास्त्राशी जगण्याचे मार्ग म्हणून एकत्र अभ्यासायचे. तसे केले तर 'ज्ञानेश्वरी'च्या पारायणावर ख्रिस्ती पुराणश्रवणाने प्रकाश पडेल आणि पुराणश्रवणावर पारायणाने. धर्म वेगळे, मागण्या वेगळ्या, परंतु ऐकण्याचा कान एकाच भाषेने घडविलेला आहे.

दुसरी गोष्ट मूल्यमापनाची. विनियोगाचा निकष मानला तर गिमाराइंश यांच्या खडबडीत पुराणाचे मोल वाढते आणि रमाबाईंच्या भाषांतराचे अपयशही बोलके होते. हा निकष काव्यगुणांना पर्याय नाही. 'ख्रिस्तपुराण' केवळ वापरले गेले म्हणून मोठे ठरत नाही. परंतु ज्या ग्रंथांनी लोकांच्या दिवसाला आकार दिला त्यांना निव्वळ काव्यगुणांवर नापास करण्याचा अधिकार समीक्षेला कोणी दिला, हा प्रश्न यातून उभा राहतो.

एक काम तातडीचे आहे. उत्तर कोकणातील उपवासकालीन पुराणगायनाच्या चाली, त्यातील पाठभेद, ते कोणत्या प्रसंगी कोणी म्हणायचे याचे संकेत, हे सगळे आज वृद्ध माणसांच्या स्मरणात आहे. गावठाणाच्या जागी इमारत उभी राहते तेव्हा विहीर, क्रूस आणि अंगण यांची निदान छायाचित्रे तरी कोणी काढून ठेवतो. चाल मात्र म्हणणारा गेला की जाते. १६१६ च्या ग्रंथाच्या छापील प्रती हरवल्या तरी ग्रंथ वाचला, कारण तो म्हणणारी आणि उतरवून घेणारी माणसे होती. १६५९ च्या पुराणाच्या छापील प्रती ग्रंथालयांत सुरक्षित आहेत, आणि म्हणणारी माणसे कमी होत आहेत. मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने ध्वनिमुद्रणाचे साधन घेऊन ठाण्यापासून वसईपर्यंतची गावठाणे हिंडावीत. ओवीचा अर्थ त्याला ग्रंथालयात मिळेल, तिचा विनियोग मात्र तेथेच मिळेल.